पाचपैकी तीन

सरोजिनी नगर, नवी दिल्ली
४ मे १९९८

चि. मयुरास,
अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून दचकली असशील. ऑफिसच्या डाकेच्या थैलीत, रिपोर्टांच्या गठ्ठ्यात, काकूचं अक्षर! पण ती थैली रोज गुडगावहून नॉइडाला अर्धी रिकामीच जाते, त्यात माझं एक पाकीट गेलं म्हणून कंपनी काही बुडत नाही. आधी फोन करून पाहिला. दर वेळी तुझी ती सेक्रेटरी म्हणते, "मॅडम मीटिंग में हैं." शेवटी मी म्हटलं, "बेटा, मॅडम से कहना, खाना टाइम पे खाया करें," आणि ठेवून दिला.

तर पहिली गोष्ट. मी रागावलेले नाही. अजिबात नाही. नॉइडाच्या नव्या सर्व्हिस सेंटरची तू हेड झालीस याचा मला आनंदच आहे. पुण्याहून आलीस तेव्हा "मेरेको बताओ" असली हिंदी बोलायचीस आणि फ्रिजची तक्रार करायला फोन केलेल्या बायका आपली तक्रार विसरून तुलाच हसायच्या. तक्रार विभागात माझ्या शेजारच्या टेबलावर बसून तू काम शिकलीस, आमचा सुयश हॉस्टेलला गेल्यावर त्याच्याच खोलीत आमच्याकडे राहिलीस. आपल्या घरातली पोर पुढे गेली तर वाईट कुणाला वाटेल?

दुसरी गोष्ट, पेढे छान होते. हातात दिले असतेस तर जास्त गोड लागले असते, एवढंच. मी ऑफिसात असताना तू सामान हलवलंस, किल्ली शेजारी भाटियाभाभींकडे दिलीस आणि पेढ्यांचा डबा जेवणाच्या टेबलावर ठेवून गेलीस. खाली कंपनीची गाडी खोळंबली असेल. मी समजू शकते.

चार्टर्ड बसमध्ये तुझी खिडकीची जागा अजून तशीच आहे. परवा एक नवा बँकवाला तिथे बसायला आला. मी पर्स ठेवली. "कोई आ रहा है क्या?" म्हणाला. मी म्हटलं, "आएगी." बिचारा गुडगावपर्यंत उभ्याने आला. चार्टर्डची रीत तुला ठाऊक आहे, ज्याची जागा त्याची. मधल्या रांगेतले पत्तेवालेसुद्धा विचारतात, "मयुराजी नहीं आईं?" मी सांगते, दौऱ्यावर आहे.

काका बरे आहेत. संध्याकाळी चहाचे तीन कप काढतात आणि मग एक परत ठेवतात.

तुझी,
वीणाकाकू

ता.क. तुझा निळा स्वेटर इथे राहिलाय. दिल्लीची थंडी सांगून येत नाही. ने.


९ जुलै १९९८

चि. मयुरा,

उत्तर नाही. ठीक आहे. नवं सेंटर म्हणजे नवा संसार, मांडामांड असणारच.

इथली हकीकत सांगते. तुझ्या टेबलावर सलोनी नावाची मुलगी आली आहे. चांगली आहे, पण नव्या कंपनीचा नियम म्हणून मला "वीणा" म्हणते. नुसतं वीणा! पहिल्या दिवशी मला वाटलं माझ्या मागे कुणीतरी दुसरी वीणा उभी आहे. माझ्या माहेरी-सासरी मिळून मला नुसतं वीणा म्हणणारी दोनच माणसं उरलीत आणि त्यांतलं एक काका आहेत, तेही फक्त चष्मा सापडत नाही तेव्हा.

उन्हाळाभर फ्रिज आणि कूलर नुसते रडत होते. तक्रारींचा पूर आला. मी माझ्या पद्धतीनेच करते आहे. मेकॅनिक जाऊन आला की चार दिवसांनी आपण होऊन फोन करायचा, "बहनजी, बर्फ जम रही है ना?" सलोनी म्हणते, यात वेळ जातो, सिस्टिममध्ये याला रकानाच नाही. मी म्हटलं, रकाना नसला तरी बर्फ जमतो.

मल्होत्रासाहेब परवा टेबलाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "वीणाजी, आप हैं तो मुझे नीचे की कोई टेंशन नहीं." मी हसले. घरी येऊन काकांना सांगितलं. काका म्हणाले, "म्हणजे तुला ते वर येऊ देणार नाहीत." मी म्हटलं, तुमचं आपलं काहीतरीच. पण रात्रभर तेच वाक्य डोक्यात राहिलं.

द्वारकेच्या आपल्या सोसायटीचा तिसरा मजला चढलाय. काका दर रविवारी जाऊन बघतात, जणू त्यांच्या बघण्याने सिमेंट लवकर वाळणार आहे. काका रिटायर झाले की हे सरकारी क्वार्टर सोडावं लागेल. नव्या घरात एक खोली जास्तीची आहे. आम्ही तिला अजून नाव दिलेलं नाही.

वीणाकाकू


२८ ऑगस्ट १९९८

मयुरा,

गणपतीला तू आली नाहीस. पहिल्या दिवशी मी दोन वाजेपर्यंत पानं वाढली नाहीत. काका म्हणाले, मोदक गार होताहेत. मी म्हटलं, होऊ देत. तीन वाजता जेवलो. आज मी गोड बोलणार नाही.

पहिल्या पत्रात लिहिलं की मी रागावलेले नाही. खोटं होतं ते. पेढे छान होते हेही खोटं. मी तो डबा उघडलाच नाही. आठवडाभर तो टेबलावर तसाच होता, काकांनी हात लावला तर मी ओरडले. मग त्याला मुंग्या लागल्या आणि मी पेढे डब्यासकट बाहेर टाकले. आयुष्यात पहिल्यांदा अन्न टाकलं.

आता रागाचं सांगते. तुला वाटत असेल, काकू चिडल्या कारण बढती त्यांना मिळायला हवी होती आणि मला मिळाली. थोडं तसंही आहे. मी काही संत नाही. सोळा वर्षं त्या विभागात घालवली. ओखल्याच्या जुन्या शेडमध्ये पंख्याखाली बसून सुरुवात केली, तेव्हा कंपनी खन्नासेठांची होती. सेठजी दिवाळीला स्वतः टेबलाशी येऊन मिठाई द्यायचे आणि म्हणायचे, "बहनजी, आप फोन उठाती हैं तो मैं चैन से सोता हूँ." पगार मात्र असा द्यायचे की दिवाळीची मिठाई तेवढीच परवडावी. मग परदेशी कंपनीने ती विकत घेतली, काचेची इमारत आली, पगार दुप्पट झाला. तेव्हा बघणारे होते पण देणारे नव्हते, आता देणारे आहेत पण खाली बघायला कुणाला वेळ नाही. म्हणून तर त्यांनी तो फॉर्म काढला. तुम्हीच तुमचं सांगा, पाचपैकी किती.

ती संध्याकाळ आठवते तुला? पाडव्याचं उरलेलं श्रीखंड वाटीत घेऊन आपण दोघी जेवणाच्या टेबलावर फॉर्म भरत होतो. कामाचा दर्जा, मेहनत, वेळ पाळणं, प्रत्येकासमोर स्वतःच स्वतःला गुण द्यायचे. मी वरून खालपर्यंत तीन-तीन लिहीत गेले. तू वाकून बघितलंस आणि चमचा खाली ठेवलास.

"काकू, तीन? तुम्ही?"

"मग काय पाच लिहू? आपलीच पाठ आपण थोपटायची? वरचे काय डोळे मिटून बसलेत?"

"काकू, ते वरचे फक्त हेच बघणार आहेत. मी नवा फॉर्म आणते, तुम्ही प्लीज पाच लिहा यार."

"काकूला यार म्हणू नये," मी म्हटलं, आणि सही केली. तू माझ्यासमोर तुझ्या फॉर्मवर पाच-पाच लिहिलेस. मला मनात वाटलं, पोर जरा आगाऊ आहे.

माझ्या माहेरी, मयुरा, पहिला नंबर आला की अण्णा विचारायचे, "वर्गात मुलं किती होती?" पुढे पुढे करू नये, काम बोलतं, आपण बोलू नये, हे मी वरणभातासारखं रोज खाल्लंय. तीन म्हणजे माझ्या मते चांगले गुण होते. चार म्हणजे मिजास, आणि पाच देवाला.

निकाल लागल्यावर मी मल्होत्रासाहेबांना विचारायला गेले होते. तुला हे ठाऊक नसेल. तुझ्याविरुद्ध नाही गेले, फक्त विचारायला. ते म्हणाले, "वीणाजी, आपने तो खुद को ही थ्री दिया है. हम कैसे बढ़ाएँ?" आणि मग जरा लाडाने, "और आप ऊपर चली गईं तो नीचे कौन देखेगा?" मी थँक यू म्हणून बाहेर आले. थँक यू! लिफ्टच्या आरशात मला माझा इतका राग आला.

तेव्हा माझा खरा राग तुझ्यावर एवढाच आहे की तू बरोबर होतीस. आणि तुझं बरोबर निघाल्यावर तू मला तोंड दाखवलं नाहीस. माझ्यासमोर पेढा धरायला तुझा हात धजला नाही. मी काय तुझा हात झटकला असता? बढती गेली ती कंपनीची होती. तू माझ्या घरातून गेलीस, ते मला जास्त लागलं.

आता लिहून झालं. बरं वाटतंय. ये म्हणत नाही. तुला ठाऊक आहे कुठे यायचं ते.

वीणा


२ नोव्हेंबर १९९८

माझी बाई,

दिवाळीचा फराळ थैलीतून पाठवला तेव्हा डाकेचा बन्सीलाल म्हणाला, "मैडम, इस में तो फाइल से ज़्यादा ख़ुशबू है." मी त्याला दोन चकल्या दिल्या, म्हणजे थैली जपून नेईल.

आज तो डबा परत आला. चिठ्ठी नाही, नाव नाही, नुसता माझा स्टीलचा डबा, तुझ्या ऑफिसच्या पाकिटात गुंडाळलेला. मी मनात म्हटलं, झालं, संपलं, पोरीने भांडंसुद्धा परत केलं. सलोनीसमोर उघडायला नको म्हणून जेवणाच्या सुट्टीत जिन्यात नेऊन उघडला.

आत चमचाभर साखर होती.

मयुरा, दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये हे तुला कुणी शिकवलं? तुझ्या आईने, का मी? मीच असणार. भाटियाभाभींची वाटी तू रिकामी द्यायला निघाली होतीस आणि मी दारातून परत बोलावलं होतं. जिन्यात उभी राहून मी ती साखर बोटाने खाल्ली. ऑडिटवाला एक मुलगा वर येत होता, त्याला वाटलं असेल बाईंची शुगर लो झाली.

तू लिहू नकोस. मला घाई नाही. साखर पुरेल मला.

तुझी काकू


१० डिसेंबर १९९८

प्रिय मयुरा,

सर्क्युलर तू पाहिलंच असशील, तुझ्याच सेंटरचं आहे. नॉइडाला असिस्टंट मॅनेजर हवाय, आतले लोकही अर्ज करू शकतात. मी ते वाचून, घडी घालून डब्याखाली ठेवलं. काकांनी डबा उचलला.

"अर्ज कर."

"या वयात? आणि तिथे इंटरव्ह्यू इंग्रजीत घेतात."

"मग इंग्रजीत कर. नाही तर जन्मभर मला ऐकवशील, आणि तेही शुद्ध मराठीत. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, वीणा." चष्मा डोळ्यांवर असताना वीणा म्हणाले, म्हणजे गंभीर होते.

अर्ज केलाय. इंटरव्ह्यूला मल्होत्रासाहेब, पर्सोनेलचे एक साहेब आणि तू असे तिघे असणार असं कळलं. हे कळल्यावर मागे घेणार होते. तुला अवघड होईल असं वाटलं. मग विचार केला, अवघड झालं तर होऊ दे, थोडं अवघड होणं तुझ्या प्रकृतीला चांगलं आहे.

एक मात्र कबूल कर. माझी बाजू घ्यायची नाही. काकू म्हणून नाही, तीन वर्षं खाल्लेल्या आमटीभातासाठी नाही. ओळखसुद्धा दाखवू नकोस. मला ते पद हवंय, खरंच हवंय, आता लपवत नाही. निवृत्त होण्याआधी एकदा तरी कुणीतरी म्हणावं की ही बाई करत होती ते काम होतं. पण ते तुझ्या दयेने नको.

आणि आता खरं सांगते, अर्ज अर्धा यासाठी केलाय की त्या निमित्ताने तू दिसशील.

वीणाकाकू


९ जानेवारी १९९९

मयुरा,

काल दिसलीस. किती वाळलीस गं! तो राखाडी कोट तुझ्या अंगावर लटकत होता. सेंटर चालवतेस की उपास करतेस?

तू कबूल केल्यासारखी वागलीस, ओळख दाखवली नाहीस. मीही नाही. मल्होत्रासाहेबांनी विचारलं, चिडलेला ग्राहक फोनवर ओरडतोय, काय कराल. मी सांगितलं, ओरडू देते, त्याचं संपलं की विचारते की घरात लहान मूल आहे का, दूध नासलं का. पर्सोनेलच्या साहेबांनी कॉम्प्युटरचं विचारलं. जेवढं येतं तेवढं येतं म्हटलं, उरलेलं सलोनीला विचारते असंही म्हटलं. बरं चाललं होतं.

मग तू पहिल्यांदा मान वर केलीस. आठ महिन्यांत तुझा आवाज पहिल्यांदा ऐकला आणि तोही इंग्रजीत. "मिसेस दिघे, आउट ऑफ फाइव्ह, हाउ वुड यू रेट युवरसेल्फ?"

मला त्याच क्षणी कळलं की हा प्रश्न तू माझ्यासाठी आणला होतास. बाजू घेतली नाहीस, फक्त दार उघडून धरलंस. आणि मयुरा, माझी तयारी झालेली होती! आठवडाभर मटार सोलताना काका विचारत होते, "रेट युवरसेल्फ!" आणि मी म्हणत होते, "फाइव्ह!" कधी कधी ते मधेच, मी आंघोळीला जाताना विचारायचे. एकदाही चुकले नाही.

तुझ्या डोळ्यांत बघितलं, तोंड उघडलं आणि म्हटलं, "फोर, मॅडम."

फोर कुठून आलं, देवाला ठाऊक. अण्णा येऊन बसले असतील जिभेवर. मल्होत्रासाहेब हसले. तुझं पेन थांबलं. तू पुन्हा वर बघितलं नाहीस.

घरी आले. काकांनी दारातच विचारलं, "रेट युवरसेल्फ?" मी चप्पल काढली आणि आत जाऊन पडून राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मटाराची उसळ त्यांनीच केली, खारट झाली होती, मी खाल्ली.

निकाल काय लागायचा तो लागेल. पण तू दार धरलंस आणि मी उंबऱ्याला अडखळले, याचं तुझ्याकडे बघून फार वाईट वाटलं. माझ्यापेक्षा तुझंच.

काकू


१५ जानेवारी १९९९, सकाळ

मयू,

हे पत्र थैलीत जाणार नाही, तुझ्या चहाच्या कपाखाली राहणार आहे. तू सुयशच्या खोलीत झोपली आहेस, निळा स्वेटर घालून, तोंडावर रजई घेऊन. मी मगाशी दोनदा डोकावले. तुला उठवलं नाही. माझी चार्टर्डची वेळ होत आली आहे, म्हणून भराभर लिहिते. जे तोंडावर बोलता येत नाही ते मला कागदावर येतं, हे एव्हाना तुला कळलंय.

काल पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला जायचं माझ्या मनात नव्हतं. आपल्या मराठी मंडळाच्या बसमध्ये काकांनी जवळजवळ ढकलूनच बसवलं. गेल्या वर्षी तू माझ्या शेजारी होतीस आणि विचारलं होतंस, "काकू, हरलेल्या लढाईच्या जागी दर वर्षी नमस्कार करायला येणारे आपणच का हो?" मी तुला दटावलं होतं. काल त्या खांबासमोर धुक्यात उभी होते, दिलीपरावांचं दर वर्षीचं भाषण चाललं होतं, "आपण हरलो, पण...", आणि मला वाटलं, पोरीचं बरोबर होतं, आपण स्वतःला तीन देणारीच माणसं.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"चार? काकू, चार?"

दिलीपरावांचं "पण" तोंडातच राहिलं. तू नॉइडाहून गाडी घेऊन पानिपतपर्यंत आलीस आणि नमस्कार नाही, कशा आहात नाही, सगळ्या मंडळासमोर मला झापायला लागलीस.

"मी तो क्वेश्चन किती दिवस ठरवला होता! मला वाटलं काकू म्हणतील पाच, बिल्कुल पाच म्हणतील! मी माझ्या कागदावर आधीच पाच लिहिले होते तुमच्या नावापुढे! आणि तुम्ही चार? आणि वर मॅडम?"

मी म्हटलं, "अगं, एका वर्षात तीनाचे चार झाले. काही कमी प्रगती आहे का?"

तू हसायला लागलीस आणि हसता हसताच रडायला लागलीस. मग तिथेच सांगितलंस की पद मला मिळालं नाही. बाहेरच्या कंपनीतला कुणी आलाय, त्याने तुझा प्रश्न पुरा होण्याआधीच पाच म्हटलं. मल्होत्रासाहेब माझ्याबद्दल म्हणाले, बाईंना स्वतःचीच खात्री नाही. तू भांडलीस, दोघांपुढे एकटीचं चाललं नाही. फोनवर सांगवेना, पत्रात लिहवेना, म्हणून आलीस.

मला लागलं. लपवत नाही. दोन मिनिटं मला त्या खांबाकडे बघत राहावं लागलं. इतकी वर्षं नेमाने काम केलं आणि ते एका शब्दावर अडलं, हा काही न्याय नाही. तू मला काल समजावत होतीस की न्याय नाहीच, आणि मी तुला समजावत होते की काम वाया जात नाही. त्या उन्हातान्हातल्या बायकांच्या घरी बर्फ जमला, तो जमलाच. पण ते मल्होत्रासाहेबांना सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही, हेही तितकंच खरं.

मी पर्समधून तिळगूळ काढला. "घे. आणि गोड बोल."

"आधी भांडू दे, मग गोड बोलते," म्हणालीस, आणि तोंडात टाकलास.

परतीच्या वाटेवर, तुझ्या गाडीत, मागच्या सीटवर बसलेल्या काकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू तू म्हणालीस, "तुमच्याकडून शिकले आणि तुमच्याच डोक्यावर जाऊन बसले. तोंड कसं दाखवणार होते? पत्रं सगळी ड्रॉवरमध्ये आहेत. रोज उत्तर लिहायला बसायची, 'प्रिय काकू'च्या पुढे जायचं नाही." वेडे, 'प्रिय काकू' एवढंच पाठवलं असतंस तरी मला पुरलं असतं. आणि डोक्यावर बसलीस म्हणतेस, तर माझ्या डोक्यावर माझीच माणसं बसलेली मला चालतात.

राजीनामा देणार असं काल जेवताना म्हणालीस. द्यायचा नाही. तू तिथे असलीस तर निदान एक माणूस तरी तिथून खाली बघेल. सलोनी चांगली आहे. तिच्याकडे बघ. मीही बघते, तिला चार दिवसांनी फोन करायला शिकवते आहे. परवा तिने पहिल्यांदा आपण होऊन केला, आणि फोन ठेवल्यावर मला "वीणाजी" म्हणाली.

कांदेपोहे झाकून ठेवलेत, वर खोबरं घालून घे. काकांना चहाचे तीन कप काढू दे, आज एकही परत ठेवायचा नाही.

चार्टर्डमधली तुझी जागा मी सोडणार आहे. रागाने नाही. तुला आता गाडी आहे आणि तो बँकवाला थंडीत उभा असतो. पण त्याला मी माझी जागा देईन. खिडकीशी आजपासून मी बसणार, मलाही बाहेर बघायला आवडतं, हे तुला कधी बोलले नाही.

आता शेवटचं. यंदा ते फॉर्म जानेवारीतच आलेत. माझा परवापासून पर्समध्ये कोराच होता. आज पहाटे तू झोपलेली असताना भरला. आधी पेन्सिलने लिहिलं, मग पेनने गिरवलं. वरून खालपर्यंत पाच. एका रकान्यात, इंग्रजी संभाषण, तिथे तीनच ठेवलेत, खोटं कशाला लिहू. लिहिताना कान गरम झाले होते, कुणीतरी बघतंय असं वाटून मी मागेही वळून पाहिलं.

तो तुझ्या गाडीच्या किल्लीखाली ठेवलाय. नॉइडाला जाऊन तूच थैलीत टाक आणि मल्होत्रासाहेबांकडे पाठव. माझ्याकडे ठेवू नकोस. घरात व्हाइटनरची बाटली आहे, आणि संध्याकाळपर्यंत त्याचे चार होतील.

तुझी,
वीणाकाकू